कोणाच्या नावाने?

गेल्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या दुपारी, आमच्या स्वयंपाकघरात एक वाद झाला. चकल्या चालल्या होत्या. मी भाजणीची उकड मळत होते, सूनबाई सोऱ्या फिरवीत होत्या, नात कढईपाशी उभी होती, आणि माझा भाचा, जो बँकेतून निवृत्त झाल्यापासून जगातल्या कोणत्याही विषयावर बोलायला मोकळा झाला आहे, तो दाराशी स्टूल टाकून मोडक्या चकल्या संपवीत होता. बोलणे कशावरून निघाले ते आता आठवत नाही. बहुधा नातीच्या अभ्यासावरून असेल. ती राज्यशास्त्र शिकते.

"मावशी, तू काहीही म्हण," भाचा म्हणाला, "आपल्या भागात ज्या ज्या बायका राज्यावर बसल्या, त्या नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या पुण्याईवर. सिरिमावो घे, इंदिराबाई घे, बेनझीर घे, ढाक्याच्या त्या दोघी घे. एकीला नवरा, दुसरीला बाप. स्वतःच्या नावाने कोण आली, सांग."

नातीने थॅचरबाईंचे नाव पुढे केले, गोल्डा मेयर यांचे केले. भाचा म्हणाला, मी आपल्या भागाचे बोलतो आहे. मग दोघे माझ्याकडे पाहू लागले. माझे हात उकडीत मनगटापर्यंत बुडालेले. उत्तर सुचले नाही असे नाही. दोनतीन उत्तरे एकदम सुचली, आणि ती एकमेकांना खोडून काढणारी होती. म्हणून मी "तेल तापले बघ" एवढेच म्हटले आणि वाद तेथे थांबला. त्यानंतर वर्षभर तो माझ्या मनात चालू आहे. ऐंशी उलटल्यावर माणसाला एवढा वेळ असतो.

सिरिमावो बंदरनायके यांचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते जुलै १९६० मध्ये. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. आमचे गाव साताऱ्याकडचे, कृष्णाकाठचे. वर्तमानपत्र दुपारच्या एस. टी.ने यायचे आणि ते आजीला वाचून दाखवणे हे माझे काम होते. आजी म्हणजे वडिलांची आई. लाल आलवण नेसलेली, केस काढलेली, चुलीपुढचे सारे राज्य एकहाती चालवणारी. मी बातमी वाचली की शेजारच्या सिलोनात एक बाई पंतप्रधान झाली, जगात असे प्रथमच घडले. तिचा नवराच आधी पंतप्रधान होता, सप्टेंबर १९५९ मध्ये एका बौद्ध भिक्षूने घरी येऊन त्याला गोळ्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. बातमीसोबत छायाचित्र होते. आजीने कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहून ती म्हणाली, "तिला केस आहेत ग."

मी तेव्हा हसले. आज ते वाक्य लिहितानाही हात थबकतो.

मग आजीने विचारले, "मुलगा लहान असेल ना? तो मोठा होईपर्यंत बसवली असेल." तिचे काही चुकले नव्हते. आमच्या साताऱ्याच्या मुलखात ताराबाईंचे नाव घरोघर. १७०० साली राजाराम महाराज गेले, तेव्हा ताराबाईंनी लहानग्या शिवाजीला गादीवर बसवून औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली. कारभार बाईचा, शिक्का मुलाचा. आजीला एवढेच राज्य ठाऊक होते. बंदरनायकेबाईंनाही अकरा वर्षांचा मुलगा होताच. पण मी म्हटले, "नाही आजी, लोकांनी मते दिली."

"मते खरी, पण कोणाच्या नावावर?" आजीने विचारले.

भाच्याचा प्रश्न तो हाच.

याचे सरळ उत्तर द्यायचे तर भाच्याच्या बाजूनेच द्यावे लागेल. त्या निवडणुकीत सिरिमावोबाईंच्या पक्षाने त्यांच्या दिवंगत पतीची ध्वनिमुद्रित भाषणे गावोगाव ऐकवली. विरोधकांनी त्यांना 'रडणारी विधवा' असे नाव ठेवले, आणि त्या चेष्टेत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. लोकांच्या मनात त्या विधवेविषयी कणव होती व पक्षाला ती हवी होती. १५१ निवडून द्यायच्या जागांपैकी ७५ पक्षाला मिळाल्या. बाई स्वतः तर उमेदवारही नव्हत्या. त्यांना पंतप्रधान करण्यात आले आणि नंतर सिनेटवर नेमण्यात आले. सहा वर्षांनी इंदिराबाई पंतप्रधान झाल्या, तेव्हा त्याही राज्यसभेच्याच सभासद होत्या. काँग्रेसच्या खासदारांनी ३५५ विरुद्ध १६९ मतांनी त्यांना मोरारजीभाईंच्यावर निवडले. थेट जनतेपुढे त्या गेल्या १९६७ साली, रायबरेलीतून. म्हणजे जगातल्या पहिल्या दोन्ही स्त्री पंतप्रधान लोकसभेच्या दारातून आत आल्याच नाहीत. भाच्याला हा मुद्दा ठाऊक नव्हता, नाहीतर त्याने आणखी दोन चकल्यांचा हक्क सांगितला असता.

पण दुसरीही बाजू आहे. सिलोनात स्त्रियांना मताचा हक्क १९३१ पासून होता. ज्या इंग्रजांनी तो दिला, त्यांच्या स्वतःच्या देशात बायकांना पुरुषांच्या बरोबरीचा हक्क मिळून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. आणि सिरिमावोबाई काही चुलीपुढून उठून थेट सिंहासनावर बसल्या नव्हत्या. लंका महिला समितीतर्फे त्या कित्येक वर्षे खेड्यापाड्यांतून हिंडल्या होत्या. हे कोणी सांगत नसे. 'कालपर्यंत स्वयंपाक करणारी बाई' ही गोष्ट सांगायला अधिक गोड होती, आणि ती त्यांच्या बाजूचे व विरुद्ध बाजूचे दोघेही सांगत.

नावाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या घरातली एक हकीगत सांगते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीसाठी मतदारयाद्या व्हायच्या होत्या. शाळेतले एक मास्तर वही घेऊन घरोघर हिंडत होते. मी पाचसहा वर्षांची. यातले मला थोडे आठवते, बाकीचे आईने सांगितलेले. मास्तर ओसरीवर बसले. आजोबा तेव्हा हयात नव्हते. वडिलांनी आपले नाव सांगितले, आईचे सांगितले, आणि मग आजीच्या नावाशी येऊन ते अडखळले. आईला ते 'आई' म्हणत, गाव तिला 'मोठ्या बाई' म्हणे. आजीला माजघरातून विचारले, तर ती म्हणाली, "लिहा की याची आई म्हणून." मास्तर म्हणाले, "तसे चालत नाही, मोठ्या बाई. ज्याचे त्याचे नाव पाहिजे." आत बराच वेळ काही बोलणे झाले नाही. आजीला नाव सांगायची लाज नव्हती. तिला प्रश्न पडला होता तो कोणते सांगायचे याचा. माहेरी ती गोदा होती. नवव्या वर्षी लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने रमा असे लिहिले गेले. ते नाव ज्याने लिहिले तो गेल्यावर त्या नावाने हाक मारणारे कोणी उरले नाही. शेवटी ती म्हणाली, "गोदा लिहा." वडिलांनी रमा लिहायला सांगितले. मास्तरांनी काय लिहिले ते मला माहीत नाही.

आमची आजी निदान यादीत आली. उत्तरेकडे, बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांत, लाखो बायकांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ते मान्य केले नाही; मतदार म्हणजे स्वतंत्र माणूस, त्याला स्वतःचे नाव हवे, असे त्यांचे म्हणणे. सुमारे २८ लाख बायकांची नावे त्यामुळे यादीतून गेली. सेनांवर तेव्हा टीका झाली. मला तो निर्णय कठोर वाटतो, पण चुकीचा म्हणवत नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांतल्या बहुतेकींनी नावे सांगितली. सरकारने बाईला नाव विचारावे आणि तिने ते आठवावे, असे या देशात पहिल्यांदाच घडत होते.

भाचा म्हणतो त्या यादीकडे मी या हकीगतीवरून पाहते. जो समाज शेजारच्या बाईला तिच्या नावाने ओळखत नाही, त्याने कोणा बाईला राज्यावर बसवायचे ठरवले, तर तो तिला कोणत्या नावाने ओळखणार? नेहरूंची मुलगी, बंदरनायकेंची पत्नी, मुजीबांची कन्या, झियांची विधवा. ती उसने नाव घेऊन आली, ही तिची खोट मानायची की आपल्याला दुसरे नाव वाचताच येत नव्हते, ही आपली?

आता माझी स्वतःची गोष्ट. ही मी आजवर कागदावर आणलेली नाही.

माझे लग्न मे १९६६ मध्ये झाले. इंदिराबाईंनी जानेवारीत शपथ घेतली होती. माझे वडील १९६२ साली गेले होते. आईला केस होते, ती पांढरे न नेसता फिकट रंगाचे नेसे. एवढी सुधारणा आजीपासून एका पिढीत झाली होती. लग्नाचे सारे तिने केले. रुखवतातला शंकरपाळ्यांचा बंगला तिचा, पापडांची चळत तिची, याद्या तिच्या, पैसे तिचे. बी. ए. झालेली मी, वादविवाद स्पर्धेत स्त्रीस्वातंत्र्यावर बोलून ढाल मिळवलेली. लग्नाच्या दिवशी कन्यादान काकाकाकूंनी केले, आणि आई दिवसभर कोठीच्या खोलीत होती. तिला कोणी 'बाहेर येऊ नकोस' म्हटले नव्हते. तसे म्हणावे लागतच नसे.

पंगतीत विषय इंदिराबाईंचा होता. माझ्या सासरचे एक वडीलधारे म्हणाले, "आता दिल्लीच्या मंत्रिमंडळात हळदीकुंकू." सगळे हसले. मीही हसले असेन. हळदीकुंकवाला बोलावता येणार नाही अशीच ती बाई आहे, हे त्या पंगतीत कोणाच्या ध्यानात आले नाही. फिरोज गांधी ८ सप्टेंबर १९६० ला वारले, सिरिमावोबाई पंतप्रधान झाल्या त्याला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा. पाठवणीच्या वेळी मी कोठीच्या खोलीत जाऊन आईच्या पाया पडले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. कपाळाला हात लावला नाही. कुंकू शेजारच्या काकूंनी लावले.

मी एक शब्द बोलले असते तर? लग्न मोडले नसते. फार तर चार माणसे कुरकुरली असती. देशाचा कारभार विधवेच्या हाती गेला याचा मला मनापासून अभिमान होता, आणि माझ्या आईने माझ्या कपाळाला कुंकू लावावे हे मला सुचलेसुद्धा नाही. यापुढे मी जे लिहिणार आहे, ते लिहिणारी बाई ही अशी आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

पुढच्याच फेब्रुवारीत निवडणुका झाल्या. मी माहेरी होते. आई शाळेच्या ओटीवर रांगेत उभी राहून मत देऊन आली. कोणाला दिले ते तिने मला कधीच सांगितले नाही. तिच्या मते ते विचारणेच असभ्यपणाचे होते. संध्याकाळी तांदूळ निवडताना ती बोटावरची शाई मधूनमधून पाहत होती. म्हणाली, "दोन दिवस तरी जात नाही म्हणतात." तिच्या बोटाला कुंकवाच्या करंड्याची बंदी झाली, त्याला तेव्हा पाच वर्षे होत आली होती.

बायकांचे राज्य आले की ते मवाळ असेल, आईच्या मायेने चालेल, अशी एक समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. अहल्याबाईंची पुण्याई त्या समजुतीच्या कामी येते. अहल्याबाई थोर होत्याच. पण त्यांना आपण शिवपिंडी हातात देऊन असे बसवले आहे की १७६७ पासून १७९५ पर्यंत वसूल, फौज आणि पेशव्यांशी पत्रव्यवहार सांभाळणारी कारभारीण तिच्यामागे दिसत नाही. बाई चांगली असेल तर राज्य करील, असे आपण म्हणतो. पुरुषाला आधी राज्य देतो आणि मग तो चांगला आहे का ते पाहतो.

सिरिमावोबाई मवाळ नव्हत्या. सिंहली हीच राज्यभाषा, हा कायदा त्यांच्या पतीने १९५६ साली केला होता. तो १९६१ पासून त्यांनी नेटाने अमलात आणला, आणि उत्तरेतल्या तमिळांनी सत्याग्रह केला तेव्हा आणीबाणी पुकारली. १९७१ च्या एप्रिलमध्ये सिंहली तरुणांनीच बंड केले, ते मोडताना हजारो मुले मारली गेली. हे झाले जगाला ठाऊक असलेले. मला त्याहून बोचतो तो ऑक्टोबर १९६४ चा करार. सिलोनच्या चहामळ्यांवर पिढ्यान्पिढ्या राबणारे भारतीय वंशाचे तमिळ मजूर; स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने त्यांचे नागरिकत्व गेले, मागोमाग मत गेले. अशी पावणेदहा लाख माणसे. सिरिमावोबाई आणि लालबहादूर शास्त्री एका मेजावर बसले आणि त्यांनी वाटणी केली: सव्वापाच लाख भारताने घ्यायची, तीन लाखांना सिलोनने नागरिकत्व द्यायचे, उरलेल्या दीड लाखांचे मागाहून पाहू. १९७४ साली त्या उरलेल्यांची निम्मी निम्मी वाटणी झाली, तेव्हा मेजाच्या दोन्ही बाजूंना बायका होत्या, इकडून इंदिराबाई. मळ्यावर चहाची पाने खुडतात त्या बहुतेक बायकाच. आपल्याला कोठे जायचे आहे, असे त्यांना या दोन्ही वेळी कोणी विचारले नाही. आपल्याकडच्या २८ लाख बायका नाव सांगितले नाही म्हणून यादीबाहेर राहिल्या. या बायका नाव सांगायला तयार होत्या. ते घ्यायला कोणी तयार नव्हते.

त्या कराराला 'सिरिमा-शास्त्री करार' म्हणतात. भाच्याला मी हे नंतर सांगितले. पतीचे आडनाव नाही, पित्याचे नाही. इतिहासात बाईचे स्वतःचे नाव लागले ते असल्या कागदावर. तो क्षणभर गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे तू माझ्याच बाजूची." मी त्याच्या बाजूची नाही, पण तिच्याही बाजूची नाही. शास्त्रीजींची सहीदेखील त्याच कागदावर आहे, त्यावरून कोणी पुरुषजातीची परीक्षा करीत नाही, एवढेच माझे म्हणणे.

१९७७ हे वर्ष मला या सगळ्यात फार महत्त्वाचे वाटते. इंदिराबाईंनी जून १९७५ मध्ये आणीबाणी आणली, लोकसभेची मुदत वाढवली. सिरिमावोबाईंनी नवी राज्यघटना केली आणि तिच्या आधारे आपल्या संसदेला दोन वर्षे जास्त दिली. मार्च १९७७ मध्ये इंदिराबाई रायबरेलीत पन्नास हजारांहून अधिक मतांनी पडल्या. त्याच वर्षी जुलैत सिरिमावोबाईंचा पक्ष आठ जागांवर आला. या दोघी विधवा आहेत, कोणाच्या मुली आहेत, कोणाच्या बायका आहेत, याचा विचार मत देणाऱ्यांनी त्या दिवशी केला नाही. रायबरेलीतल्या शेतकऱ्याला सक्तीची नसबंदी आठवत होती, नेहरू आठवत नव्हते. आमच्या घरी निकाल रेडिओवर ऐकताना यजमान म्हणाले, "बाई पडली." आई त्या दिवसांत माझ्याकडे होती. ती आतून म्हणाली, "बाई नव्हे, सरकार पडले." ती काही राजकारण जाणणारी नव्हती. पण ताराबाईंना मत देऊन खाली उतरवता येत नव्हते, आणि इंदिराबाईंना आले; तीन वर्षांनी पुन्हा वर बसवताही आले. उसने नाव दारापर्यंत पोहोचवते. आतला हिशेब ज्याचा त्याला द्यावा लागतो, आणि तो मागण्याइतके त्या बाईला लोकांनी मोठे मानले. मला हा तिचा अपमान वाटत नाही.

मग या बायकांनी बायकांसाठी काय केले, हा नातीचा प्रश्न. तिची नाडी यावरच अधिक तापते. थॅचरबाई अकरा वर्षे पंतप्रधान होत्या. तेवढ्या काळात त्यांच्या कॅबिनेटमध्ये दुसरी बाई एकच बसली, तीही दोनेक वर्षे. आपल्याकडे इंदिराबाईंच्याच कारकिर्दीत स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करायला समिती नेमली गेली आणि १९७४ साली तिने अहवाल दिला. १९०१ साली हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३० उरल्या. सर्वांत वरच्या खुर्चीवर बाई, आणि खाली बायकांची संख्याच घटते आहे. नात म्हणते, हा त्या बाईचा दोष. मी म्हणते, थोडा तिचा, पण तेवढ्याने सुटका होत नाही. दिल्लीत एक बाई आहे म्हटल्यावर आपल्या घरच्या कोठीच्या खोलीकडे पाहायचे राहून जाते. माझे राहून गेले होते.

भाच्याला उत्तर म्हणून मी एक नाव शोधले होते: विग्दिस फिनबोगादोत्तिर. आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ रोजी दहातल्या नऊ बायकांनी कामे टाकली. ना कचेरी, ना स्वयंपाक, ना मुले. पुरुष दिवसभर मुले घेऊन हिंडत होते. पाचच वर्षांनी, १९८० साली, त्या देशाने विग्दिस यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. थेट जनतेच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झालेली जगातली ती पहिली स्त्री. घटस्फोटित, एका दत्तक मुलीची एकटी आई, नाट्यसंस्थेची संचालिका. चार उमेदवारांत तिला एकतृतीयांशच्या किंचित वर मते मिळाली, पण ती सोळा वर्षे राहिली. तेथे बाईचे नाव लग्नाने बदलत नाही. मी मोठ्या विजयाने हे सांगितले. भाचा हुशार, त्याने नावाचा अर्थ विचारला. मला सांगावा लागला: फिनबोगीची मुलगी. "बघ," तो म्हणाला, "तिथेही बापच." सगळे हसलो. आता त्या देशात पुरुषाचे नावही 'अमक्याचा मुलगा' असेच असते, हे सांगेपर्यंत त्याची चकली संपली होती.

गेल्या चाळीस वर्षांत विधवा किंवा कन्या असल्यावाचून वर आलेल्या बायका पुष्कळ झाल्या, आणि आपल्या प्रतिभाताई पाटील २००७ साली राष्ट्रपती झाल्या त्या दीर्घ राजकीय चाकरीनंतर. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. एकतृतीयांश जागा राखणारी घटनादुरुस्ती संसदेने २०२३ साली मंजूर केली, तेव्हा जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर तिचा अंमल होईल, असे तिच्यात लिहिले होते. या आकड्यांनी मी फारशी हरखत नाही आणि खचतही नाही. मला त्याहून मोठी वाटलेली बातमी मे २०२२ मधली: कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे गावात होणार नाही. सिरिमावोबाई पंतप्रधान झाल्याला तोवर बासष्ट वर्षे होत आली होती. देशाला जे सोपे जाते ते ओटीवर इतके अवघड का व्हावे? मला वाटते, देशातली बाई लांब असते. तिला मत दिले की आपल्याला काही बदलावे लागत नाही. घरातल्या बाईला ताट हाती द्यायचे म्हटले की आपल्यालाच एक पाऊल मागे सरावे लागते.

सिरिमावोबाई १० ऑक्टोबर २००० रोजी वारल्या. त्या दिवशी श्रीलंकेत निवडणूक होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाई मतदान करून परत निघाल्या आणि वाटेत त्यांचे हृदय थांबले. त्यांच्या कारभारातले मला पुष्कळ मान्य नाही. पण यादीत नाव शोधून, बोट पुढे करून आलेली ती म्हातारी मला माझ्या आईसारखी वाटते.

माझे यजमान २०११ मध्ये गेले. त्यानंतर नरकचतुर्दशीच्या पहाटे, पाट मांडून ओवाळायची वेळ झाली की मी गॅसपाशी असे. कोणी मला तेथे उभे केले नव्हते. गेल्या वर्षी, त्या वादाच्या दुसऱ्याच पहाटे, नात आत आली, माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि ताट दिले. मी सूनबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "निरांजन लावलेय, आई. वारा आहे, लवकर या." पाटावर भाचा उघडाबंब, अंगाला उटणे, कुडकुडत बसलेला. इतक्या वर्षांत मी विसरले होते की आधी सुपारी ओवाळायची की अंगठी. हात कापत होता म्हणून कुंकवाचा टिळा त्याच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरला. तो म्हणाला, "मावशी, पण बेनझीरचे काय?" मी म्हटले, गप्प बस, तोंडाजवळ दिवा आहे.